एपांगच्या भाताचा बाप

अलिंग एपांगने, म्हणजे एपांग मावशीने, एकतीस वर्षं भाताची लग्नं लावली. फिलिपिन्समधल्या लागुनातल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन कार्यक्रमात तिचं काम एवढंच: दुपारी लोंबीतल्या एकेका फुलाचं टोक कात्रीने उडवायचं, आतले सहा पुंकेसर पंपाने ओढून घ्यायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ठरलेल्या नराची लोंबी तिच्यावर झटकायची आणि चिठ्ठीवर लिहायचं, आई अमुक, बाप तमुक. तिची एकही चिठ्ठी कधी चुकली नाही, असं सगळे म्हणत. तीही म्हणे. बाकी बाई गरीब स्वभावाची, पण या बाबतीत तिला गर्व होता आणि तो तिला शोभायचा.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा कार्यक्रमाच्या बातमीपत्रात तिचा फोटो आला. पुरात तग धरणारा जो भात अख्खा गाव पाच वर्षं लावत होता, त्याचा पहिला संकर तिच्या हातचा. फोटोखाली भाताच्या आईबापांची नावं. एपांगने चोवीस प्रती मागून घेतल्या, एक घरी ठेवली आणि तेवीस घरोघर वाटल्या. मागच्या पानावर आणखी एक बातमी होती: जुन्या वाणांची जनुकीय तपासणी होणार, नोंदवलेले आईबाप खरे की खोटे ते कळणार. ही बातमी तिने प्रती वाटून झाल्यावर वाचली.

तिची झोप उडाली. कारण एक चिठ्ठी चुकली होती. निदान तिला तसं वाटत होतं. अपकीर्ती घेऊन घरी बसायचं तिला नको होतं. शेवटी तिने स्वतःच तपासणी बघणाऱ्या शास्त्रज्ञ डॉक्टर कोराल बाईंना गाठलं.

"डॉक्टर, चारशे बाराव्या संकरात माझ्या हातून घोळ झालाय. जत्रेचा दिवस होता, घाईत शेजारच्या कुंडीतली लोंबी झटकली असणार."

"आणि बारा वर्षं गप्प बसलात?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

डॉक्टरांनी वहीत टिपून घेतलं. सहा आठवड्यांनी निकाल आला. चारशे बारावा संकर चोख निघाला. चुकलेला होता तो पुराचा भात. आई बरोबर, बाप भलताच, आणि कोण ते कुणालाच सांगता येईना.

"वाऱ्याने पिशवी सरकली असेल," डॉक्टर म्हणाल्या. "भात उत्तमच आहे, अलिंग. पुढच्या अंकात एक ओळ टाकू. तशीही ती कोण वाचतंय!"

 एपांगला रडू येत होतं, पण कामाच्या वेळेत ती रडत नसे. सुट्टी झाल्यावर ती तेवीस घरं फिरली आणि प्रत्येक प्रतीवर बापाचं नाव खोडून 'अज्ञात' लिहिलं. शेजारीण हुलिंगने तो फोटो सांतो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीशेजारी चिकटवला होता.

"अगं बाई, म्हणजे पाच वर्षं आम्ही कुणाचं पोर खातोय?"

"बाप माहीत नाही. आई मात्र तीच, त्याची हमी मी देते."

"म्हणजे आमच्या सासरच्यांसारखंच की!" हुलिंग म्हणाली आणि एपांगचा हात फोटोपर्यंत पोचावा म्हणून तिने स्टूल पुढे सरकवलं.

एपांग घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. नवऱ्याने, गोर्योने, तिच्यासाठी ठेवलेली चोविसावी प्रत काचेच्या चौकटीत बसवून घेतली होती. ती मागचे खिळे उचकटू लागली.

"ही तरी राहू दे," गोर्यो म्हणाला. "आपल्या घरात कोण बघणारे?"

"मी बघते ना," एपांग म्हणाली आणि तिने दुसरा खिळा काढला.