रिकामी कात्री

सहा वर्षांच्या त्या मुलीचं प्रकरण माझ्या मनातून काही जात नाही. म्हैसूरला मी सबइन्स्पेक्टर होते. एक शिंपी स्टेशनला आला, आपलाच मराठी माणूस. बायको भांडून कृष्णराजनगरला माहेरी गेलेली, आणि आता मुलगी गायब.

"मेडम, मेव्हण्यानंच नेली अल्वा, हो ना! दुसरं कोण नेणार?"

अपहरणाचा गुन्हा नोंदवला. दुपारी खबर आली. कृष्णराजनगरच्या बसस्टँडवर एक माणूस रडत्या पोरीला ओढतोय, असा चहावाल्याचा फोन. शिपाई दोघांना घेऊन आला. तो माणूस मेव्हणाच निघाला.

तासभर विचारलं, त्याचं एकच. "अक्का, ही स्टँडवर एकटी उभी होती. बहिणीकडे नेत होतो. तिलाच विचारा की!"

"सहा वर्षांची पोर एकटी बसनं आली? आम्ही काय काल भरती झालो?" हवालदार म्हणाला.

मुलगी तोंड उघडेना. मुलांसमोर गणवेश नको, म्हणून मी साडी नेसून बसले, चकली दिली. "मामानं नेलं का गं?" गप्प. मामाला घाबरते, असा आम्ही अर्थ काढला आणि त्याच्या अटकेचे कागद करायला घेतले.

मुद्देमालाच्या पुडक्याचा दोरा कापायला मी कात्री उचलली आणि बोलता बोलता नुसतीच दोनदा वाजवली. पोरीनं माझं मनगट धरलं. "नको! परत भांडण होईल."

आता मीही शिंप्याच्याच घरातली. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, हे आईनं मलाही सांगितलेलं. कात्री बाजूला ठेवली. "तू वाजवली होतीस?"

मान हलली. दुकानात खेळताना वाजवली, आता भांडण होणार म्हणून आजी ओरडली. संध्याकाळी आईबाबा भांडले, सकाळी आई गेली. मग ही एका कुटुंबामागून बसमध्ये चढली. कंडक्टरला वाटलं, त्यांचीच.

"मी केलं, हे आईला सांगायला गेले. मामा चल म्हणाला. पण आई मारेल म्हणून मी रडले."

कंडक्टरचा जबाब जुळला. मामा सुटला. बाप तिच्यापुढे खाली बसला. "अय्यो, भांडण आमचं होतं गं. तुझ्यामुळे नाही."

"मग आजी खोटं बोलली?"



पोरांची बोटं कापू नयेत म्हणून मोठी माणसं काहीतरी सांगतात आणि विसरतात. पोर विसरत नाही. चूक माझीही झाली. मी 'कुणी नेलं' हेच विचारत राहिले, 'तू कशाला निघालीस' हे एकदाही नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत हरवलेल्या मुलाला मी पहिला प्रश्न तोच विचारला.