थांबता येणारा राक्षस

खर्डीपलीकडच्या ठाकरवाडीत बोहाडा भरतो, म्हणजे उन्हाळ्यातला सोंगांचा उत्सव. त्यात राक्षसाचा लाकडी मुखवटा गेली तीस वर्षं देवजी मेंगाळच्याच तोंडावर चढत आलेला. गडी साठीला टेकला, गुडघे कुरकुरू लागले, पण मुखवटा सोडायचं नाव नाही. आणि पोरं तर आता घाबरायचीही बंद झालेली. "देवजी आजा आला, देवजी आजा!" करत मागून धोतर ओढायची. सोंग आता त्याच्या पुतण्याला, हरेशला द्यावं, अशी वाडीत कुजबुज चालू होती. देवजीचं एकच पालुपद: "नाचंल तो. पन थांबता येतं का त्याला? नाय."

अशात वाडीलगतच्या माळावर सिनेमावाले आले. मुंबईचं एक कुटुंब तंबू ठोकतं आणि डोंगरात हजार वर्षं झोपलेला राक्षस जागा होतो, अशी गोष्ट. इतक्या वर्षांत तो उठला नाही, तंबूवाले आल्यावर उठला, हे देवजीला लगेच पटलं. दिग्दर्शक विपुलसाहेबांना नाचणारा माणूस हवा होता. देवजी सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला.

"तोंड तर झाकलेलं," बायको हिरी म्हणाली, "कोनाला कळंल तुमी हाय ते?"

"पोर किंचाळली का कळंल."

भर दुपारी चित्रीकरण. रात्र म्हणे नंतर संगणकावर पाडणार होते. रबरी मुखवटा आणि केसाळ अंगरखा घालून देवजी घामाने निथळत कारवीच्या झुडपात दबा धरून बसला. तंबूपुढे सिनेमातल्या कुटुंबाची लेक झालेली सहा वर्षांची रुचिता खेळत होती. देवजी बाहेर आला, मान तिरकी केली आणि एकच पाय आपटला. रुचिता अशी किंचाळली की झाडावरची पाखरं उडाली. देवजीचा ऊर भरून आला. जमलं होतं अजून!

आणि त्याच दमात त्याने मुखवटा वर केला. वाडीची रीतच तशी. पोर खरंच भ्यालं तर सोंगाने तिथल्या तिथे थांबायचं, तोंड दाखवायचं, नाव सांगायचं. नाहीतर भेव पोराच्या अंगात बसतं.

"नको रडू गो बाय. मी देवजी. ह्यो बघ, देवजी."

विपुलसाहेब कपाळाला हात लावून ओरडले, "काका, सोन्यासारखा शॉट घालवलात!"

देवजीने माफी मागितली, पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घेतली. पण आता रुचिताच घाबरेना. राक्षसाच्या नाकात बोट घालून ती खिदळायला लागली. शेवटी देवजीच्या अंगावरचा अंगरखा आणि मुखवटा काढून, दिवे उचलायला आलेल्या पुतण्याला, हरेशला चढवला. देवजी दगडावर जाऊन बसला. खोटं कशाला सांगा, हरेशची फजिती व्हावी असंच त्याला मनातून वाटत होतं.

हरेश तंबूवरून उडी टाकून आला आणि असा गरजला, की हे काही आपले देवजीआजोबा नव्हेत हे रुचिताला तत्काळ कळलं. ती किंकाळी फोडून पळत सुटली. साहेबांचा चेहरा खुलला.

पण हरेश जागीच थबकला. मुखवटा वर करून गुडघ्यांवर बसला. "बाय, मी हरेश. काय नाय गो, हरेश हाय मी."

साहेब मटकन खाली बसले. "अरे, तुमच्या अख्ख्या वाडीत एक धड राक्षस नाही का रे?"

माळावर हशा पिकला. एकटा देवजी हसत नव्हता. हे त्याने हरेशला कधी शिकवलं नव्हतं. पोराने लहानपणी त्याच्या सोंगासमोर रडता रडताच ते उचललं असणार. देवजीचे डोळे भरले, आणि ते त्याने पुसलेही नाहीत. तो उठला आणि हरेशच्या कपाळावरचा घाम आपल्या टॉवेलने टिपू लागला.

"काका, चुकलं का माझं?" हरेशने घाबरत विचारलं.

"नाय रे. यंदा बोहाड्याला मुखवटा तू बांध," देवजी म्हणाला. "मी फुडं बसून भितो."