जानीआत्याच्या कोंबडीचं एक हाड

आधीच सांगते, म्हणजे नंतर वाद नको. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमचं घर बौद्ध. वडील जालन्याकडून मुलुंडला आले आणि इथलेच झाले. अंगारे, उतारे, नवस यातलं काहीही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी स्वतः एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. त्यामुळे "ताई, तुम्ही घाबरला असाल" असं कुणी लिहिणार असेल तर लिहू नका. मी घाबरले नव्हते. मी वैतागले होते... आणि अजूनही वैतागलेलीच आहे.

आमच्या लॅबमध्ये वनिता आहे. ती रक्ताची सॅम्पलं घेते. पाच वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खातोय. तिचं माहेर मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावर. तिथे तिची जानीआत्या एकटी राहते. सत्तरीची, काटक, कमी बोलणारी. लोक तिला भगतीण म्हणतात.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर एकदा डबा खाताना वनिता म्हणाली, "रविवारी चल. आत्या कोंबडी कापणार आहे. वर्षातून एकदाच कापते. तीच."

"तीच म्हणजे?"

"तीच गं. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून तीच आहे. आत्या कापते, आम्ही खातो, हाडं सगळी तिला परत द्यायची. चार दिवसांनी कोंबडी अंगणात."

मला वाटलं मस्करी करतेय. करत नव्हती.

"वनिता, तू डीएमएलटी केलंयस यार! कोंबडी किती वर्षं जगते?"

"मला माहितीये किती जगते. मला कळतं असं म्हटलं का मी? होतं ते सांगितलं. पाड्यावर दुसरं कोणीच करत नाही हे, फक्त आत्या. यायचं तर ये."

गेले. मुद्दामच गेले. कोंबडी बदलत असणार हे उघड होतं, मला फक्त ते पकडायचं होतं. पोचल्या पोचल्या मी मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. तांबडी कोंबडी, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, तुरा मधोमध फाटलेला. व्हिडिओत ती टुणकन उडी मारून पडवीच्या पत्र्यावर जाते. दोन्ही पाय ठणठणीत.

आत्याने माझ्यासमोर तिची मान कापली. गरम पाण्यात बुडवून पिसं मीच उपटली, आत्या ती टोपलीत जमवत होती. रस्सा झकास झाला होता, खोटं कशाला बोलू. फक्त दाताने हाड फोडायचं नाही, चोखून स्वच्छ करायचं आणि सुपात ठेवायचं. फाटक्या तुऱ्याचं डोकंही तिथेच ठेवलं होतं.

माझ्या पानात उजवी तंगडी आली. तंगडीच्या हाडाला लागून सुईसारखं एक बारीक हाड असतं, बघा. ते मी टिश्यूत गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. बघू या म्हटलं, आता कशी येते परत ते!

शेवटी आत्याने सूप फिरवलं आणि एकेकाकडे बघत विचारलं, "सगळी दिलीत ना?"

मी "हो" म्हणाले. सरळ तोंडावर.

सोमवारी लॅबमध्ये ते हाड फॉर्मलिनच्या बाटलीत टाकलं आणि वर लेबल चिकटवलं. सवयच आहे ती.

पुढच्या रविवारी सकाळी वनिताचा फोन आला. "आत्या बोलावतेय तुला. आत्ता."

अंगणात तांबडी कोंबडी फिरत होती. तोच फूल पडलेला डोळा, तोच फाटका तुरा. आणि उजवा पाय ओढत चालत होती.

आत्या मला म्हणाली, "एक हाड राहिलं कुणाकडं तरी."

मी कबूल केलं नाही. माझं डोकंच फिरलं होतं. मला वाटलं, हिने मला हाड घेताना बघितलं आणि दुसऱ्या कुठल्या तरी कोंबडीचा पाय मुद्दाम मोडला. मी म्हटलं, "आत्या, हिला डॉक्टरकडे नेऊ का?" आत्याने खांदे उडवले. मी कोंबडीला टोपलीत घातलं, रिक्षा केली आणि एका जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढायला लावला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "फ्रॅक्चर नाहीये. हे बघा, डाव्या पायात हे बारीक हाड आहे. उजव्यात नाही."

"नाही म्हणजे तुटलंय?"

"तुटलेलं नाही. नाहीच. जन्मतःच नसेल, असतं असं एखादीत."

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. "मग व्हिडिओतली कोंबडी दुसरी असेल," म्हणाले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. नीलेश टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "बदलली, दुसरं काय." अरे, मीही तेच म्हणतेय! पण तोच डोळा, तोच तुरा आणि नेमकं तेच हाड नसलेली कोंबडी सात दिवसांत कुठल्या बाजारात मिळते, ते सांग ना!

सोमवारी मी वनितासमोर ती बाटली ठेवली. तिने लेबल वाचलं.

"आत्याच्या घरी जेवलीस आणि तिच्याशी खोटं बोललीस?"

"मला बघायचं होतं गं, खरं आहे का."

"मग बघितलंस ना? आता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बाटली घेऊन आत्याकडे गेलो. मी माफी मागितली. आत्याने झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"ह्या औषधात घातलंस?"

"हो... टिकावं म्हणून."

"मग आता ते लागायचं नाही."

"आत्या, काहीतरी उपाय असेल ना?"

असलं वाक्य माझ्या तोंडून! वडील असते तर घराबाहेर काढलं असतं.

"नाही," आत्या म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कोंबडीपुढे तांदूळ टाकले आणि आत गेली.

जानेवारीत वनिताने सांगितलं, कोंबडी मुंगसाने नेली. पूर्वी काही आलं की ती पत्र्यावर उडायची, या वेळी जमलं नाही.

"आत्या काय म्हणाली?"

"काय म्हणणार? सुपात ठेवायला हाडंच नाहीत."

त्यानंतर वनिताने शिफ्ट बदलून घेतली. दहा महिने आम्ही कामापुरतं बोलायचो. मी डॉक्टरांना परत फोन केला, कॉलेजच्या झूऑलॉजीच्या मॅडमना फिल्म दाखवली, इंटरनेट धुंडाळलं. जो तो "जन्मजात असेल" नाहीतर "बदलली असेल" म्हणतो. दोन्ही मला पटतात. आणि दोन्हींनी काहीच सुटत नाही.

यंदा दिवाळीनंतर वनिता आपणहून म्हणाली, "आत्याने तुलाही बोलावलंय." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. गेले. आत्याने नवी तलंग, कोवळी कोंबडी, आणली होती, काळी, चुणचुणीत. सगळे पंगतीला बसले. आत्याने एकेकाला रस्सा वाढला, माझ्यापाशी आली आणि माझ्या पानात डाळ-भात वाढला.

हाडं सुपात पडत होती आणि मी डाळ-भात कालवत होते.

चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी राहवेना म्हणून लॅबमध्ये वनिताला गाठलं. "आली का गं परत?"

तिने ट्यूबवर नाव लिहिलं, ट्यूब रॅकमध्ये ठेवली.

"जेवायला बोलावलं ना तुला? मग झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटची बाही वर सारायला लागली.