माझ्या नावाचा केसपेपर

हसायचं नाही असं कबूल करत असाल तर सांगते. बाळंतपणांवर संशोधन करणाऱ्या बाईनं असा घोळ घालावा?

उमापूरची कमल. सहावा महिना, आणि दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार. आधीचं बाळ पोटातच गेलं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण अशा बाळाचं घरात कुणी नाव काढत नाही. गावातल्या आशा सेविकेनं मला नुसती कुणकुण दिली होती.

आम्हाला शिकवलेलं असतं, असं थेट विचारायचं नाही. मी तर जरा जास्तच शिकलेली.

"कमल, कधी कधी बाळ राहत नाही गं," तिच्या घरी चुलीपाशी बसून मी म्हटलं. "त्यात बाईचा काय दोष? पण दुःख आतल्या आत ठेवलं की..." आणि नेमकं चुलीच्या धुरानं माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

कमलनं ते पाणी बघितलं. मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, च्या टाका. ताईचं लेकरू गेलंय."

आता तिथल्या तिथं सांगायला नको का, की माझा मुलगा दहावीत आहे आणि एका बैठकीला सहा पोळ्या खातो? मी तोंड उघडलं, तोवर सासूचा हात पाठीवर. "रडू नको बाई. लई दिस झाले का?" शेजारीण आली, तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

मग कमल हळूच म्हणाली, "माजं बी गेलंय, ताई. गेल्या साली, फडात. सातवा सरला होता. मोळी उचलली अन् लेकरू हलायचंच थांबलं. तिथंच बांधाला पुरलं. तिसऱ्या दिशी पुन्हा कोयता."

माहिती भरायला आणलेला फॉर्म हातात तसाच राहिला. मला स्वतःची लाज वाटली. पण आता खरं बोलले, तर ही पुन्हा तोंड उघडेल?

"उद्या तालुक्याला चल. डॉक्टरांना दाखवू."

"मी कावून? मला काय झालंय?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी दाखवून घेणार असाल तर येते. तुमाला एकटीला न्हाई सोडायची."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दोन केसपेपर निघाले. नर्स माझ्या ओळखीची. "मॅडम, तुम्ही रांगेत कशा?"

कमलनंच तिला बाजूला घेतलं. "सिस्टर, त्यांला काय इचारू नका. घरी बी कुणाला सांगितलं न्हाई त्यांनी."

नर्स लगबगीनं खुर्ची घेऊन आली आणि मला बसवलं. सहा महिन्यांची गरोदर कमल शेजारी उभी राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवून.