चालू मशीनवर फोडलेला नारळ

धम्मरत्नाला माणसं ओळखता येत नाहीत, असं माझं मत आहे. त्याला हार्ड डिस्क ओळखता येते. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की हा आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघतो, मग पिशवीतल्या डब्याला कान लावतो, आणि रामराम, जयभीम, नमस्कार काय असेल ते शेवटी, तेही आठवलं तर. गेली नऊ वर्षं यवतमाळात त्याचं दुकान माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागून आहे. मधे फक्त पत्र्याची भिंत. त्यामुळे त्याच्याविषयी बोलायचा हक्क माझाच, असं मी धरून चालतो.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून लोकांचे बुडालेले फोटो, कागद, हिशेब बाहेर काढणं हा त्याचा धंदा. त्याचे वडील देवराव कळंबच्या एका शाळेत शिपाई होते. पोरानं आयटीआय केलं, पुण्यात सहा वर्षं हेच काम शिकलं, आणि आईचे गुडघे गेले तेव्हा इकडे परत आलं. यवतमाळात कोणाचा काय डेटा बुडणार, म्हणून तेव्हा सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो होतो. वर्षभरात त्याच्या बाकावर मुख्याध्यापक, लग्नाचे फोटोवाले आणि दोन वकील रांगेत बसलेले बघितले आणि मग गप्प झालो.

त्याची कामाची तऱ्हा मात्र आमच्या गल्लीला अजून पचलेली नाही. हार्ड डिस्क उघडायची असली की हा सकाळी सहाला येतो आणि समोरच्या रस्त्यावर बादलीनं पाणी शिंपडतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, सडा घातलाय तर रांगोळी पण काढ. पण दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे कापसाच्या गाड्या सुरू होतात, हवेत तंतू उडत असतात, आणि डिस्कच्या आतल्या तबकडीवर त्यातला एक जरी पडला तरी खेळ खलास. म्हणून पाणी, मग अर्धं शटर खाली, छताचा पंखा बंद, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. फिल्टर लावलेली एक काचेची पेटी त्यानं स्वतः बनवली आहे. त्या पेटीत हात घालून तो काम करतो. मी चाळीस वर्षं चिमट्यानं घड्याळाची चाकं उचलतोय, पण त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

दसऱ्याला त्याचं दुकान तीन दिवस बंद असतं. आईला घेऊन तो नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. परत येऊन शटर उघडलं की वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. कारण आपण सगळे दसऱ्याला मशिनींची पूजा करतो आणि आता मशीन म्हटलं की त्यात कॉम्प्युटरही आला. कोणी पंख्याच्या जाळीतून हळदकुंकू आत सोडलेलं असतं, कोणी तीर्थ शिंपडलेलं असतं. धम्मरत्न याला नारळाचा सीझन म्हणतो.

गेल्या सीझनला पहिली पाळी महागाव तालुक्यातल्या एका तांड्याची होती. मी दुकानाचं कुलूप काढत होतो तेव्हा ते दोघं पायरीवर बसलेले. पुष्पा, तिशीतली बाई, तांड्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवणारी. आणि तिचे सासरे नेमसिंग, सत्तरीचे, धोतर, लाल पागोटं, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा अख्खा डबा. महागावपासून एसटीत त्यांनी तो तसाच मांडीवर आणला होता. मीही तांड्यावरचाच, आर्णीकडचा. गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या भाषेत, दोन शब्द बोललो तेव्हा पुष्पाचा चेहरा जरा सैल पडला. म्हाताऱ्याचा पडला नाही.

धम्मरत्न आला, डब्याला कान लावला आणि काय झालं ते विचारलं. पुष्पानं सांगितलं. सासऱ्यांनी नारळ फोडला होता. घरातला पंप, मळणीयंत्र, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा ते इंजिन चालू ठेवून करतात. बंद मशीनची कसली पूजा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कॉम्प्युटरही चालू ठेवायला लावला आणि डब्याच्याच डोक्यावर नारळ आपटला. पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला फुटला आणि पडदा काळा झाला.

हसू आलं होतं मला, खोटं कशाला बोलू. पण आत काय होतं ते पुष्पा सांगायला लागली आणि माझं हसू जिरलं.

तीन-चार वर्षांपासून त्यांच्या भागात जुने कपडे विकत घेणारे फिरत होते. आमच्या बायकांचे लग्नातले फेटिया, म्हणजे आरसे-कवड्यांनी भरलेले घागरे, आणि काचळ्या म्हणजे चोळ्या, ओढण्या. पेटीत पडून असलेले ते कपडे घेऊन ते नवीन भांडी द्यायचे. बायकाही देत होत्या, कारण आता ते कोणी नेसत नाही. पुष्पाला ते बघवेना. तिनं घरोघर जाऊन सांगितलं, विकायचं तर विका, पण आधी मला फोटो काढू द्या. नमुना राहिला तर पुन्हा तसंच भरता येईल. एकेका कपड्याचा समोरून, मागून, टाके दिसतील असा जवळून फोटो. तीनशे बारा फोटो. कपडे गेले. फोटो होते फक्त त्या डब्यात.

तिची सासू हंसाबाईचा लग्नाचा फेटियाही त्यातच गेला होता. तेव्हा हंसाबाईला मोतीबिंदू होता. दिसतच नाही तर ठेवून काय करू, म्हणून तिनं तो देऊन टाकला. मग ऑपरेशन झालं, नजर आली, आणि तिला तो हवासा वाटायला लागला. नवीन कापड आणून ती तसाच फेटिया भरायला बसली. रोज सकाळी केंद्रात यायची, पडद्यावरचा फोटो डोळे भरून बघायची आणि घरी जाऊन एक ओळ भरायची. निम्मा पट्टा झाला होता. तिला या दोघांनी खरं सांगितलंच नव्हतं. मशीन सर्विसिंगला नेतो, एवढंच सांगून निघाले होते.

धम्मरत्नानं बॅकअपचं विचारलं. पुष्पा म्हणाली, आहे ना, डी ड्राइव्हमधलं सगळं मी ई ड्राइव्हमध्ये पण टाकून ठेवलं होतं. धम्मरत्न माझ्याकडे बघून डोळे मिटून बसला. डी आणि ई हे एकाच डिस्कचे दोन कप्पे, हे तो आठवड्यातून दोनदा तरी कोणाला समजावत असतो. पण तिला बोलला नाही. मग त्यानं त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"बंद पडल्यावर किती वेळा चालू करून पाह्यलं?"

या प्रश्नाला सगळे 'एकदाच' म्हणतात. डॉक्टरला दारूचं सांगावं तसं. पण डिस्क मार खाल्ल्यावर जितक्यांदा चालू करावी तितकी आतून खरवडते, त्यामुळे त्याला खरा आकडा लागतो. पुष्पा म्हणाली, दोनदा. मी केलं, मग लगेच बंद केलं. धम्मरत्न लिहायला लागला, तेवढ्यात म्हातारा पहिल्यांदा बोलला.

"दोनदा नाही बाबू. म्या रोज पाह्यटे उठून तीन-चार खेपा चालू करून पाहो. हे सून झोपून राहे तवा. वाटे, आता तरी लागंल. दहा-बारा खेपा झाल्या असन."

पुष्पा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला हे माहीत नव्हतं. मला वाटलं आता धम्मरत्न चिडणार, या गोष्टीवर त्याला चिडताना मी पाहिलंय. एका प्राध्यापकाला त्यानं अक्षरशः हाकललं होतं. पण त्यानं वहीत बारा लिहिलं आणि म्हणाला, "सांगतलं ते बरं केलं काकाजी. आता पाहू."

पाहू म्हणजे हो नाही. धम्मरत्न हो कधीच म्हणत नाही.

ते दोघं रात्रीला माझ्या घरी राहिले, बायकोनं जाऊच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यानं रस्त्यावर पाणी टाकलं. काचेच्या पेटीत डिस्क उघडली. मी फडकं बांधून मागे उभा होतो. फटक्यानं आतली ग्रामोफोनच्या सुईसारखी वाचणारी काडी तबकडीवरच अडकून बसली होती, म्हणून तबकडी फिरत नव्हती. नुसती कण्हत होती. ओढली तर काडी तुटणार, जोर दिला तर तबकडीला ओरखडा. धम्मरत्नानं तबकडी हलक्या हातानं उलटी फिरवत, केसभर-केसभर सरकवत ती काडी बाहेर जागेवर आणली. पाऊण तास. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायची सोय नाही. शेवटी मीच रुमालानं पुसला. तबकडीवर एक बारीक चरा होता. त्याच्याखाली जे काही होतं ते गेलंच, असं त्यानं सरळ सांगितलं. कोणाचे फोटो तिथं होते ते आत्ताच कळणार नाही, असंही.

डिस्क फिरली. पण ती आता किती तग धरेल याचा नेम नव्हता, म्हणून आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची होती. चांगली डिस्क असती तर तीन-चार तासांचं काम. ही अडखळत होती. थोडं वाचायची, थांबायची. मग तो तिला थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. तो दिवस गेला, दुसरा उजाडला. पुष्पा पडद्यावरच्या आकड्यांसमोरून हलेना. नेमसिंग माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिले. मी त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला, घड्याळं दाखवली, शेतीचं विचारलं. एकदाच बोलले. म्हणाले, फोटो काढताना प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी उंच धरून मीच उभा राहायचो, बायका लाजायच्या म्हणून. तीनशे बारा वेळा ज्या हातांनी धरलं, त्याच हातांनी नारळ मारला.

मी उगाच एका बंद घड्याळाला चावी देत बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पलीकडून धम्मरत्नानं पत्र्यावर थाप मारली. गेलो. नक्कल झाली होती. फोल्डर उघडायच्या वेळी हा नेहमी खुर्ची गिऱ्हाइकाकडे फिरवतो आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, लोकांच्या घरचे फोटो आपण बघू नयेत म्हणून. पुष्पानं माउस धरला. दोनदा चुकीच्या जागी दाबलं. मग फोटो उघडायला लागले. लाल, निळे, पिवळे, आरशांचे. काही अर्धे करडे, काही उघडलेच नाहीत. ती एकेक नाव घेत होती. हे इंदूबाईचं, हे वच्छलाबाईचं. हंसाबाईच्या फेटियाचे चार फोटो होते. पहिला करडा. दुसरा करडा. तिसरा उघडला तो सगळा, वरच्या काठापासून खालच्या कवड्यांपर्यंत, एकेक टाका मोजता येईल असा. वरच्या दोन कोपऱ्यांना म्हाताऱ्याची बोटं दिसत होती.

पुष्पा रडायला लागली. डी आणि ई दोन्ही कप्प्यांतले धरून मोजल्यावर एकूण दोनशे सत्त्याऐंशी फोटो धड निघाले. धम्मरत्नानं भिंतीकडेच बघत विचारलं, मिळाला का? मिळाला म्हटल्यावर तो तिथंच खाली बसला.

नेमसिंगांनी पुष्पाचा फोन मागितला. बायकोला स्वतःच सांगायचं म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून तिनं स्पीकर लावून दिला. बोलणं गोरबोलीत झालं. मी इकडच्या वऱ्हाडीत सांगतो. त्यांनी सगळं सांगितलं, नारळ, रोज पहाटे चालू करून बघणं, खोटं बोललो ते. एका दमात. मग थांबले. पलीकडून हंसाबाई म्हणाली:

"मले मालूम होतं. मशीन सर्विसिंगले जाते तं तिले मांडीवर घिऊन, नवं पागोटं बांधून कोनी जाते का? तुमी सांगून नाही राह्यले म्हून म्या बी नाही विचारलं. मनानं तीन ओळी भरून पाह्यल्या, तिनही चुकल्या. उसवून बसली हावो. फोटो घिऊन या लवकर." आणि मग, आवाज उतरवून, "दसऱ्यापासून तुमच्या घशाखाली घास उतरून नाही राह्यला. ते काय मले दिसत नाही? आता डोळे हायेत मले. आधी जेवा."

म्हाताऱ्यानं हं म्हटलं. आणि फोन पुष्पाला परत दिला.

धम्मरत्नाला यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. काय म्हणाल्या, त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या घरी तीन दिवस नेमसिंग ताटावर बसत होते, भाकरी मोडत होते, आणि ताट जवळजवळ तसंच बायको उचलून नेत होती. आम्हाला वाटत होतं, परक्या घरी लाजतात.

धम्मरत्नानं टोपी काढली, भरदुपारी शटर ओढलं आणि चला म्हणाला. माझ्या घरी आम्ही चौघं पंगतीला बसलो. भाकरी, तुरीच्या डाळीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. नेमसिंगांनी पहिली भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, वरण दोनदा घेतलं, आणि मग मान वर करून माझ्या बायकोला विचारलं, "बाई, आनखीन भाकर हाये का?"