डाव्या बाजूची फट

त्या मंगळवारी सकाळी माझी पत्नी गॅरेजात गेली. मी चहा गाळला आणि हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून मी गेलो. ती पिकअपच्या मागच्या चाकाला पाठ टेकून बसली होती. अँब्युलन्स आली. इस्पितळात डॉक्टरांनी मला ती गेल्याचं सांगितलं, कारण हृदयाचं.

त्यानंतर नोव्हाय या आमच्या अमेरिकन गावातली आपली मराठी माणसं येत राहिली. वरण-भाताचे डबे आले, थालीपिठं आली. कोणी ना कोणी रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून जायचं. जाताना प्रत्येकाची नजर गॅरेजच्या दाराकडे वळायची आणि प्रत्येक जण तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारायचा, की आता त्या गाडीचं काय करणार?

ती गाडी म्हणजे साठच्या दशकातला एक फिकट निळा पिकअप. माझी पत्नी त्यात बसून शर्यतीला जायची. शर्यत म्हणजे ड्रॅग रेस: सरळ पट्टा, दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि काही सेकंदांत सगळं संपायचं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करण्यात आयुष्य घालवलं. विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला, रोज जायचो आणि यायचो. शर्यतीच्या दिवशी मी लाकडी बाकांवर कानांत कापूस घालून पुस्तक वाचत बसायचो. गणपतीत एक स्नेही दरवर्षी न चुकता म्हणायचे, "वहिनी गाडी पळवतात आणि हे पानं उलटतात. संसाराचा बॅलन्स बरोबर आहे." सगळे हसायचे. मीही हसायचो. ते खरंच होतं.

तिचे वडील सांगलीत ट्रकचे पाटे दुरुस्त करायचे. पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या, एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. ती त्या वर्कशॉपात वाढली, इंजिनिअर झाली, इथे येऊन मोटारींच्या सस्पेन्शनवर तिनं नोकरी केली. नव्या गाड्यांमध्ये पाटे नसतात, याचं तिला वाईट वाटायचं. निवृत्तीच्या थोडं आधी तिनं हा पिकअप आणला. त्याच्याखाली आडवी होऊन तिनं बॅटरीचा उजेड मारला आणि खालूनच म्हणाली, "अहो, बघा तरी, माहेर आहे हे माझं."

पहिल्या शर्यतीत गाडी जागेवरच नाचली. मागचा हौदा रिकामा, म्हणजे शेपूट हलकं, आणि पुढे ताकदवान इंजिन. हिरवा दिवा लागला तशी मागची चाकं जमिनीवर थाडथाड आपटत राहिली आणि शेजारची गाडी निघून गेली. घरी परतताना तिनं मला कारण सांगितलं. मी विचारलं नव्हतं. इंजिन चाकाला पुढे रेटतं तेव्हा मागची दोन्ही चाकं जोडणारा आस, म्हणजे ॲक्सल, उलटा पिळला जातो. त्याच्यासोबत पाटा वाकतो, मग सुटून उसळतो. चाकाची जमिनीवरची पकड जाते.

"मग उपाय?" मी म्हटलं.

"त्याला पिळूच द्यायचं नाही. आधार द्यायचा."

तो आधार म्हणजे ट्रॅक्शन बार. घरात आम्ही त्यांना दांडेच म्हणायचो. हातभर लांबीचे दोन पोलादी चौकोनी दांडे. एक टोक ॲक्सलखाली पाट्याला घट्ट बांधलेलं, दुसरं पाट्याखालून पुढे आलेलं, आणि त्या टोकावर रबराचा ठोकळा. पाटा पिळू लागला की ठोकळा वर येऊन पाट्याच्या पुढच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या कडीला, टेकतो आणि त्याला अडवतो. तयार दांडे दुकानात मिळत होते. तिनं ते घेतले नाहीत. तिनं पोलाद आणलं, कापलं, वेल्डिंग केलं. नवरात्र चालू होतं. खंडेनवमीला तिनं गॅरेजात पाट मांडून पाने, हातोडी, जॅक, वेल्डिंगचा मुखवटा असं सगळं पुजलं. ते नवे, अजून रंग न दिलेले दांडेही पुजले. हळदी-कुंकवाची ओली बोटं पोलादावर उमटली. दसऱ्याचा दिवस ते तसेच राहिले. मग रंग दिला, पण त्या बोटांच्या जागी गंज आधीच धरला होता. पुढे वर्षभरात तिथे रंगाला फुगे आले. मी म्हटलं, घासून पुन्हा रंगव. ती म्हणाली, "राहू दे. देवाच्या नावानं गंजलंय."

दांडे बसवल्यावरच्या पहिल्या शर्यतीला तिनं लिंबू नेलं. मला पत्ता नव्हता. सुटण्याच्या रेषेवर गाडी लागली तेव्हा तिनं दार उघडलं, खाली उतरली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आपण नवी गाडी शोरूममधून बाहेर काढताना करतो तसंच. मग बसली आणि गाडी इंचभर पुढे घेतली. लिंबू फुटलं. शर्यतीच्या पट्ट्यावर पाण्याचा थेंबही चालत नाही, तेल सांडलं तर तासभर सगळं थांबतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण लिंबाचा रस म्हणजे सांडलेला पदार्थ, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. लिंबू म्हणजे लिंबू.

रेषेवरचा म्हातारा अधिकारी धावत आला. दोन्ही हात वर करून त्यानं दिवा थांबवला. गुडघ्यावर बसून सालीकडे पाहिलं, वास घेतला.

"बाई, हे काय आहे?"

"गाडीला दृष्ट लागू नये म्हणून."

"कोणाची?"

तिनं शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बोट दाखवलं. तो माणूस एवढा हसला की त्याला हेल्मेट काढावं लागलं. फडकी आली, भुकटी आली, पट्टा पुसला, सगळे खोळंबले. मी बाकावर पुस्तकात तोंड घालून बसलो होतो. पण त्या दिवशी गाडी सुटली ती बाणासारखी, एकदाही न नाचता. पुढच्या खेपेला आम्ही पोचलो तर कोणीतरी जाळीची पिशवी भरून लिंबं आमच्यासाठी ठेवली होती. आम्ही महिनाभर सरबत प्यालो. त्यानंतर ती लिंबू घरच्या ड्राइव्हवेतच फोडायची.

एक गोष्ट मात्र ती कोणाला सहज सांगायची नाही. दोन्ही दांडे सारखे लावलेले नव्हते. गाडी सुटताना इंजिनाच्या पिळानं उजवं मागचं चाक उचलू पाहतं. म्हणून उजव्या दांड्याचा ठोकळा तिनं खाली वॉशर घालून पाट्याला टेकवूनच ठेवला होता. डावीकडे फट सोडली होती. ती फट ती करंगळीनं मोजायची. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीखाली सरकायची आणि डावीकडे करंगळी घालून बघायची. अलगद गेली पाहिजे, पण हलता कामा नये. एकदा मी माझी घालून पाहिली. गेली नाही. "तुमची पुस्तकांची बोटं," ती म्हणाली. "जाड झालीत."

आमची मुलगी दूर, दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला असते. ती फोनवर इंग्रजीत बोलते, मी मराठीत बोलतो, आणि आमचं नीट चालतं. आई गेल्यावर ती पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, बाबा, इथे हिवाळ्यात एकटे नका राहू. घर विका, माझ्याजवळ या. खालची खोली तुमची. पुस्तकं सगळी आणा.

"आणि गाडी?"

ती मराठीत म्हणाली, "ती आईची होती, बाबा. तिच्याशिवाय ती नुसती गाडी आहे."

मला गाडीची ओढ नव्हती. मला ती चालवताही येत नव्हती. मला एवढंच हवं होतं की जो कोणी नेईल त्यानं दांडे तसेच ठेवावेत. एक टेकलेला, एक सुटा. ती सरळ सुटायची ती त्यामुळे. तिनं आयुष्यात पुष्कळ केलं, पण कंपनीत केलेलं सगळं कंपनीचं होतं, कुठल्या गाडीत तिचं काय आहे हे कोणी सांगू शकलं नसतं. हे तेवढं तिचं होतं आणि मला ते दाखवता येत होतं.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागल्यावर एक जण गाडी बघायला आला. मूळचा नागपूरचा, इथल्याच एका मोटार कंपनीत इंजिनिअर. तिशी ओलांडलेला, बायको आणि लहान मुलगी बरोबर. मुलगी हौद्यात चढून बसली ती उतरेना.

"काका, कंडिशन एकदम मस्त आहे यार. सॉरी, यार नाही," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या शोमध्ये न्यायची आहे मला. ओरिजिनल करायची."

तो खाली वाकला. "हे बार ओरिजिनल नाहीत ना पण?"

"नाहीत. ते तिनं केलेत."

तो सरळ उभा राहिला. "काकूंनी? वेल्डिंग?"

"हो."

"मग नाही काढणार, काका. शब्द देतो."

मी त्याला सांगितलं की डावी-उजवी बाजू सारखी नाही, मुद्दाम तशी आहे, तशीच ठेव. तो हो हो म्हणाला. त्याची बायको मुलीला हौद्यातून खाली ये म्हणत होती. मी चोकबद्दल सांगितलं, गिअर कुठे अडकतो ते सांगितलं. गाडी निघताना मी आतून लिंबू आणलं. त्यानं ते चाकाखाली ठेवलं आणि मुलीनं टाळ्या वाजवल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मला बरं वाटलं. मग मी आत जाऊन झोपलो, दुपार असूनही.

घर विकायला काढायचं होतं. मी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. भरायचो, थकायचो, एखादं उघडून तिथेच वाचत बसायचो. एप्रिल गेला, मे गेला. मुलगी विचारायची, किती झालं? मी म्हणायचो, होतंय.

जूनमध्ये तो पुन्हा आला, एकटा, आपल्या रोजच्या गाडीतून. डिकी उघडून त्यानं जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी उचललं. ते जड होतं. मला काय ते कळलं.

"काका, रागावू नका," तो म्हणाला. "आमचा ड्राइव्हवे चढाचा आहे. रोज बार खाली घासायचे. आणि स्पीड ब्रेकरला एकदा असं आपटलं की पोरगी रडायला लागली. मी पुष्कळ ट्राय केलं. पण रेसला तर मी जाणार नाही ना. फेकवेनात मला. म्हणून आणले."

"बरं केलंस," मी म्हटलं.

आम्ही ते गॅरेजात, जिथे गाडी असायची त्या रिकाम्या फरशीवर ठेवले. त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत बोल्ट, रबराचे ठोकळे, वॉशर.

"अजून एक सांगतो, काका. काढायच्या आधी मी दोन्ही साइड सेम केल्या होत्या. तुम्ही म्हणाला होतात तसं राहू दे, पण मला वाटलं, घाईत काकूंकडून चुकलं असेल. उजवीकडे वॉशर जास्त होते."

"चुकलं नव्हतं."

"नंतर वाचलं मी. कळलं. पण तोवर काढून झाले होते." त्यानं पिशवी दांड्यांशेजारी ठेवली. "मी पुन्हा करून देऊ शकतो. फट किती होती सांगा."

मी माझी करंगळी बघितली. मग हात खाली घेतला. "सांगता येणार नाही," मी म्हटलं.

मी चहा केला. तो उभ्यानंच प्यायला. त्याची मुलगी त्या गाडीला निळा घोडा म्हणते असं त्यानं सांगितलं. शनिवारी दोघं हौदा धुतात. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला, इथे आजकाल कोणी करत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं काही चुकलं नव्हतं. लहान मूल घरात असेल तर गाडी घासता कामा नये.

तो गेल्यावर मी त्या दांड्यांजवळ स्टूल घेऊन बसलो. मला वाटत होतं की दांडे परत आले म्हणजे तिचं काम परत आलं. तसं नव्हतं. दांडे पोलादाचे होते, कोणीही केले असते. तिचं काम होतं ती फट, आणि ती दांड्यात नव्हती. ती दांडा आणि पाटा यांच्या मध्ये होती. गाडीपासून सुटल्यावर ती कुठेच नाही. मी आयुष्यभर वस्तूंच्या नोंदी केल्या. फटीची नोंद कशी करतात मला माहीत नाही.

मुलीला मी फोन केला आणि सांगितलं की या हिवाळ्याआधी येतो. खोक्यांबरोबर दोन लोखंडी वस्तू असतील, जड आहेत, खालच्या खोलीत भिंतीशी ठेवू. ती म्हणाली, ओके बाबा. कसल्या ते तिनं विचारलं नाही. तिला माहीत असावं.

दोन्ही दांड्यांवर कुंकवाच्या बोटांचे गंजलेले ठसे आहेत. ठोकळे आणि वॉशर एकाच पिशवीत आहेत. डावा कोणता आणि उजवा कोणता, हे मला ओळखता येत नाही.