पारावरची खानेसुमारी

१९८६ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो. शिक्षण तिसरीपर्यंत, तरी गावच्या सहकारी दूध संस्थेचा चेअरमन. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी फजिती येणार आहे.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचे दिवस. अशात रेल्वेचा सर्व्हे आला. नवी लाईन झाली तर कुठल्या गावातून किती माणसं गाडीत बसतील, याचा अंदाज काढायला एक साहेब तीन दिवस आमच्या फाट्यावर खुर्ची टाकून बसला. एसटीत माणूस चढला की कागदावर एक रेघ. तिसऱ्या दिवशी डेअरीत चहा पिताना म्हणाला, "चेअरमन, तुमच्याकडं माणसंच नाहीत. स्टेशन नदीपलीकडच्या गावाला जाईल."

नदीपलीकडं! ज्यांच्या दुधात आमच्या लॅक्टोमीटरला आख्खी नदी सापडायची, त्यांना स्टेशन?

"साहेब, तुमी रिकामं गाव मोजलं," मी म्हणालो. "निम्मं गाव ऊस तोडाया गेलंय. पाडव्याला येतंय."

"त्याला पुरावा?"

मी त्याला मारुतीच्या पारावर नेलं. आमच्याकडं रीत होती. तोडीला निघताना घरातल्या माणसागणिक एक खडा पारावर ठेवायचा, अन् परत आल्यावर ज्याचा त्यानं उचलायचा. तान्ह्या लेकराचाही खडा असायचा, हरभऱ्याएवढा. साहेब बूट काढून, मांडी घालून मोजायला बसला. गावात उरलेली म्हातारी माणसं भोवती जमली.

मी साहेबाची नजर चुकवून मूठभर खडे त्यात सरकवले.

माझी चुलती शेळी धरून पाराखाली उभी होती. ती कडाडली, "मेल्या, उचल ते! ज्याचा खडा त्यो माणूस परत येत असतो. तुझ्या खड्यांचं कोण येणार हाय? भुतं?"

सगळा पार हसला. साहेबाचा तर चष्मा खाली आला.

"भुतं बी तिकीट काढत्याल की," मी म्हणालो. मागं हटायचं आपल्या रक्तात न्हाई. पण खडे उचलले. चुलतीनं माझी मूठ उघडून बघितली तेव्हाच तिचं समाधान झालं.

साहेबानं आकडा लिहून घेतला. म्हणाला, "खडे काही मला वरती दाखवता येत नाहीत. पाडव्यानंतरच्या पहिल्या बाजाराला मी परत मोजायला येतो. तेव्हा माणसं फाट्यावर दिसली पाहिजेत."

"लई दिसतील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचं माप चुलतीच्या हाती दिलं अन् पहिल्या एसटीनं साखर कारखान्याकडं निघालो. गावच्या प्रत्येक टोळीला सांगायचं होतं, की औंदा पाडव्याला वाटेत सासुरवाडीला कुणीबी थांबायचं न्हाई.